व्यंकटरावांचा स्वच्छ इनबॉक्स

"आलाच न्हाई!" वसतिगृहाचं ऑफिस सांभाळणाऱ्या कारकून व्यंकटरावांनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि बशीतला चहा फुर्र करून ओढला. "मेल आला असता तर दिसला असता. मी काय खिशात घालून ठेवला का?"

टेबलापलीकडे चतुराबाई उभ्या होत्या आणि त्यांना चिकटून त्यांची लेक शीतल. मायलेकी सेनगावाकडच्या खेड्यातून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून हिंगोलीला आल्या होत्या. शीतलला दहावीला एक्याण्णव टक्के! अकरावी सायन्सला हिंगोलीत नंबरही लागला होता, पण गावाहून रोज येणं-जाणं होणार कसं? या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तर कॉलेज, नाहीतर आईसोबत सोयाबीन खुरपायला. आणि निवड झालेल्या मुलींची यादी आज चार वाजता फळ्यावर लागणार होती.

"साहेब, तीनदा पाठवला अर्ज," चतुराबाई म्हणाल्या. "सेनगावच्या सुनिताच्या ऑनलाइन सेंटरवरून. पोरीच्या फोटूसकट."

"पाठवला म्हणायला काय जातंय, मावशी? तारीख हुकली की सगळेच असं म्हणतात."

म्हणजे सरळ खोटारडंच ठरवलं की हो! शीतलचे कान तापले. पण पोरगी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "काका, जंकमध्ये बघितलं का?"

"जंक म्हणजे कचरा. कचऱ्यात काय बघायचं? माझा इनबॉक्स बघ कसा लख्ख आहे!" इनबॉक्सचा त्यांना भारी अभिमान. पासवर्डसुद्धा दुसऱ्या कुणाला दिलेला नव्हता.

आवाज ऐकून आतून अधीक्षिका प्रेमाताई बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बघायला काय हरकत आहे, व्यंकटराव? उघडा."

उघडलं, आणि काय सांगावं! सेनगावच्या सेंटरचे एक नाही, दोन नाही, तेवीस मेल तिथं पडलेले. त्यात तीन शीतलचे.

"बघा, प्रोग्रामची गडबड!" व्यंकटराव घाईघाईनं म्हणाले. "मशीनच ते, चुकायचंच." त्यांनी 'जंक नाही' दाबलं. तिन्ही मेल टुणकन इनबॉक्समध्ये आले. "झालं काम."

"थांबा काका, खरंच झालं का बघू." शीतलनं सुनिताला फोन लावला. "ताई, ह्या पत्त्यावर नुसतं 'नमस्कार' लिहून पाठव ना."

दोन मिनिटं झाली. इनबॉक्समध्ये काहीच नाही. जंक उघडलं तर 'नमस्कार' तिथं जाऊन बसलेला!

"म्हणजे हा पत्ताच कुणीतरी ब्लॉक केलाय," शीतल म्हणाली. "सेटिंगमध्ये ब्लॉक केलेल्यांची यादी असते. ती उघडा."

व्यंकटरावांचा हात माउसवरच थिजला. कारण आता त्यांना आठवलं! गेल्या वर्षी याच दिवसांत सेनगावच्या सेंटरवरून मेलवर मेल येत होते. तिरपे फोटो, नावाची गडबड, एकेक अर्ज दोनदा. 'ही खेड्यातली कटकट!' असं म्हणून त्यांनी एक बटण दाबलं होतं. मग आणखी एका सेंटरसाठी. मग आणखी एका.

'सर्व्हर बंद आहे, उद्या बघू.' वाक्य अगदी जिभेवर आलं. पासवर्ड त्यांच्याचकडे होता. कुणाला काही कळलं नसतं.

तेवढ्यात चतुराबाईच म्हणाल्या, "जाऊ दे ना पोरी, साहेबाला काहून बोलती? मशीनची चूक हाय. त्यायला उगाच तकलीफ."

जिला त्यांनी आत्ताच खोटं पाडलं होतं, तीच त्यांची बाजू घेत होती! व्यंकटरावांना चतुराबाईंकडे बघवेना.

"मशीनची न्हाई, मावशी," ते कसंबसं बोलले. "माझी चूक आहे. कटकट वाटली म्हणून मीच हे पत्ते ब्लॉक केले." आणि त्यांनी यादी उघडून स्क्रीन सगळ्यांकडे फिरवली. सेनगावचं सेंटर, औंढ्याची दोन, कळमनुरीकडचं एक.

प्रेमाताईंनी यादी वरून खालपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, "व्यंकटराव, एका पत्त्यावरून इतके मेल आले, म्हणून तुम्हाला कटकट वाटली. अहो, खेड्यात घरोघरी कुठं ईमेल असतो? पन्नास घरांत मिळून एक पत्ता असतो तो! तुम्ही एक सेंटर अडवलं नाही, पन्नास घरांना दार लावलंत. मशीननं तुमचंच ऐकलं."

"आज सगळे बाहेर काढतो, ताई."

"आणि मागच्या वर्षीचे?"

उत्तर शीतलनं दिलं, हळूच. "जंकमधले महिन्याभरानं आपोआप पुसले जातात, मॅडम."



चारची यादी प्रेमाताईंनी थांबवली. व्यंकटरावांनी एकेक पत्ता मोकळा केला, आलेले सगळे अर्ज छापले आणि फोन घेऊन बसले. प्रत्येक घरी तेच वाक्य: "तुमचा अर्ज वेळेत आला होता, मीच बघितला न्हाई. माफ करा." पहिल्या फोनला ते बोलणं जड गेलं. पाचव्या फोनलाही तितकंच जड गेलं.

तिसऱ्या दिवशी गुणांप्रमाणे नवी यादी लागली. शीतलचं नाव दुसरं होतं!

पण व्यंकटरावांना चैन नव्हती. त्यांनी सुनिताला फोन केला. "पोरी, मागच्या साली तुझ्याकडून किती जणींनी अर्ज टाकले होते?"

"नऊ, काका. त्यातल्या दोघी शिकताहेत." सुनिता म्हणाली. "बाकीच्या सात जणींचं मला नका विचारू."

व्यंकटरावांनी फोन खाली ठेवला. त्या सात जणींना काय सांगून माफी मागायची, ते त्यांना अजून सुचलेलं नाही.

वाचकहो, चूक कळली की बटण मागं फिरवता येतं, पण गेलेलं वर्ष मागं फिरत नाही! समोरचा माणूस खेड्यातला, त्याचं लिहिणं वेडंवाकडं, म्हणून न वाचताच त्याचं म्हणणं कचऱ्यात टाकायचा हक्क आपल्याला कुणी दिला? तेव्हा आधी वाचा, आधी ऐका. आणि आपण कुणाकुणाला अडवून ठेवलंय, ती यादी आजच उघडून बघा. लाज वाटेल. वाटू द्या!