रंग वाळेपर्यंत

शिंपीणबाईंनी जुनं घर विकलं आणि नव्या घराची किल्ली रंगकामासाठी धाकट्या भावाच्या हाती विश्वासाने दिली. "रंग वाळेपर्यंत आमच्याकडेच राहा, ताई," तो म्हणाला. तीन महिने झाले, तरी मेला रंग काही वाळेना. भावाच्या माळ्यावर मशीन मांडून त्या दिवस ढकलत होत्या. आयतं कसं खायचं, म्हणून भावजयीच्या बहिणीला नव्या घरासाठी पडदेही शिवून दिले. मापं भावानेच आणली होती. एका पडद्याला कापड कमी पडलं, तेव्हा त्यांनी तळाला निळी पट्टी जोडली.

आज न राहवून त्या आपल्या नव्या घराकडे गेल्या. खिडकीत निळी पट्टी झुलत होती.

दार भावजयीच्या बहिणीने उघडलं. "या ना, ताई. पडदे अगदी मापात बसलेत."