कोळसा तोलणाऱ्याचं पद

आमच्या गावच्या साप्ताहिकात मी एकतीस वर्षं 'आठवड्याचा शब्द' हे सदर लिहितो आहे. सहसा कोणाच्या तोंडी नसलेलं एक इंग्रजी विशेषण, त्याचा अर्थ आणि वापर दाखवणारं एक वाक्य. शाळेतून निवृत्त झालो तरी सदर सुटलं नाही. फुकट लिहिणाऱ्याला कोण काढतो?

गेल्या वर्षी जानेवारीत 'ओशिओस' घेतला. अर्थ : ज्याच्यावाचून कुणाचंच काही अडत नाही असा. शक्यतो माणसाला लावू नये, वस्तूला किंवा पदाला लावावा, असंही बजावलं. उदाहरणाला कोटाच्या बाहीवरची बटणं घेतली होती. मग वाटलं, बटणांना कोण हसणार? ती खोडली आणि लिहिलं, 'आपल्या गावातलं कोळसा तोलणाऱ्याचं पद ओशिओस आहे.'

इकडे अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात मार्चच्या पहिल्या मंगळवारी सगळं गाव सभागृहात जमून कारभारी निवडतं. त्यात कोळसा तोलणाराही असतो. गावात शेवटचा कोळसा आला त्याला साठ वर्षं झाली, पण पद आहे आणि तेवीस वर्षं ते एल्डन टिबोकडे होतं. दर सभेला तो उठून वाचायचा, "तोललेला कोळसा : नाही. तक्रारी : नाहीत." लोक टाळ्या पिटायचे. बायको गेल्यापासून तो वर्षातून त्या एकाच दिवशी टाय लावायचा. हे मला ठाऊक होतं. वाक्य लिहिताना ठाऊक होतं.

गाव पोट धरून हसलं. आठवड्याने गावची चिटणीस मर्सी पोस्टाबाहेर भेटली.

"एल्डनने राजीनामा पाठवलाय. कारण लिहिलंय, पद ओशिओस आहे. वापर बरोबर आहे ना, मास्तर?"

"बरोबर आहे."

"मग नाचा! एक तरी वाचक शिकला."

दोनदा एल्डनच्या फाटकावरून परत फिरलो. तिसऱ्यांदा आत गेलो. तो स्वयंपाकघरात कोळशाचा पितळी वजनकाटा पुसत बसला होता.

"एल्डन, चुकलं माझं."

"वाक्य चूक आहे?"

"वाक्य... तसं नाही."

"तेच तर. चूक असतं तर भांडलो असतो. कॉफी घेतोस?"

घेतली. कप विसळून ठेवला आणि निघालो.

मार्चच्या सभेत मी उठून एल्डनचं नाव सुचवलं. तो मागच्या रांगेत होता, बिनटायचा.

"मला नको," तो म्हणाला. "मी त्या सदरवाल्याचं नाव सुचवतो. रिकामाच असतो."

"होय!" सगळं सभागृह गरजलं. विरोधात एकच मत पडलं, माझं.

दुसऱ्या दिवशी त्याने काटा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "महिन्यातून एकदा तेल. वजनं कोरड्या फडक्याने पुसायची."

"अरे, पण तोलायचं काय?"

"काही नाही. पण काटा बरोबर हवा."

वर्षभर तेल घातलं. यंदाच्या सभेत उठलो, वाचलं, "तोललेला कोळसा : नाही. तक्रारी : एक."

"कोणाची?" मागून एल्डनने विचारलं.

"तुझी."

"मी कुठे केली?"

"केली नाहीस, म्हणून मीच नोंदवली."

टाळ्या पडल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत एल्डन शेजारी येऊन बसला आणि त्याने ॲपल पायचा अर्धा तुकडा माझ्या बशीत सरकवला.

टाय मात्र त्याने याही वर्षी लावला नव्हता.