चौदा पुड्या, एक पातेलं

धुरपदाबाईने बारावी पुडी दाताने फाडली, दुधाच्या पातेल्यात झटकली आणि पळीने ढवळू लागली. तेवढ्यात दारात दवाखान्याची कार्यकर्ती मालतीबाई येऊन उभी राहिली. हातातली वही तिने छातीशी धरली.

"हे काय चाललंय, मावशी?"

सुरतेतल्या उधन्याच्या त्या गल्लीतल्या चौदाही बायका खोलीत दाटीवाटीने बसल्या होत्या. प्रत्येकीसमोर पेला. कुणी दचकलं नाही. सखुबाईने तर सरकून जागा करून दिली.

"ये वं माय, बस. आज सकाळीच कशी?"

"उद्या रक्त घ्यायला माणूस येणार, ते सांगायला आले. पुड्या एकत्र का केल्या?"

"तूच नाही का सांगितलं," धुरपदाबाई म्हणाली, "निम्म्या पुड्यांत औषध, निम्म्यांत नुसती साखर? कोणत्या, ते डॉक्टरीणबाईलाबी ठाऊक नाही. मग ह्या चंचलचे गुडघे धरलेत आणि तिच्याच वाट्याला साखर आली तर? पहिल्या रविवारपासून असंच पितो आम्ही. सगळ्यांना सारखं."

मालतीबाई भिंतीला टेकून खाली बसली. सुरतेत प्लेग येऊन गेल्याला तीन वर्षं झाली होती. दिवसभर बंद खोल्यांत साड्यांचे धागे कापणाऱ्या या बायकांच्या अंगाला ऊन लागत नसे. ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाने त्यांच्या हाडांचं दुखणं थांबतं का, हे डॉक्टर गायत्रीबेन तपासत होत्या. दर रविवारी एक पुडी, दुधातून. मालतीबाईची गल्ली सगळ्यांत चोख. नऊ आठवडे, चौदा नावं, एकही खूण करायची राहिली नव्हती. गायत्रीबेन तिची वही बाकीच्या कार्यकर्त्यांना दाखवत.

"कुणाच्या पोटात किती औषध गेलं, ते आता कसं कळायचं?" ती म्हणाली.

"आते काय व्हई?" चंचलने हळूच विचारलं.

"सांगितलं तर गल्ली बाद."

"मग नको सांगू," सखुबाई म्हणाली. "वही तुझी, खुणा तुझ्या. तुझी बेन काय पातेलं हुंगायला येणार आहे?"

सगळ्या हसल्या. मालतीबाई हसली नाही.

"हे आकडे बघून उद्या दुसऱ्या बायकांना औषध देतील. त्यांना काय खोट्या आकड्यांवर द्यायचं?"

धुरपदाबाईची पळी थांबली. दोन पुड्या अजून फोडायच्या होत्या. तिने त्या पदराने पुसल्या आणि मालतीबाईच्या वहीवर ठेवल्या.

"जा, सांग. पण आम्ही चोरी केली असं म्हणू नको."

दवाखान्यात गायत्रीबेनने सगळं ऐकून वही उघडली.

"खुणा तर तुम्हीच केल्या, मालतीबेन."

"मी विचारायचे, पुडी घेतली का. त्या हो म्हणायच्या. त्या खोटं बोलल्या नाहीत, बेन. मीच नीट विचारलं नाही."

गायत्रीबेनने पट्टी ठेवून चौदाही नावांवर रेघ ओढली. मालतीबाईने खांद्यावरची दवाखान्याची पिशवी काढून टेबलावर ठेवली.

"ती कशाला काढली? बाकीच्या वह्यांमध्येपण एक भूल नथी, एक चूक नाही. मला आता त्याचीच भीती वाटते." गायत्रीबेनने पिशवी तिच्याकडे सरकवली. "उद्यापासून सगळ्या गल्ल्या तुम्ही फिरायच्या. पुडी डोळ्यासमोर घेतली पाहिजे. नवीन मुलींनापण तुम्हीच शिकवा."

पुढच्या वर्षी अहवाल छापून आला. मालतीबाईची मुलगी प्रियांका तेव्हा कॉलेजात जायला लागली होती. धुरपदाबाईच्या ओट्यावर बसून ती इंग्रजी ओळीखाली बोट धरून मराठीत सांगत गेली. एका ठिकाणी ती थांबली.

"'नियमाप्रमाणे औषध न घेतल्यामुळे चौदा स्त्रियांना वगळण्यात आलं.'"

"आम्हीच त्या!" सखुबाई ओरडलीच. "बघा गं, छापून आलो."

धुरपदाबाईने तिला हाताने गप्प केलं.

"का नाही घेतलं, ते लिहिलंय का?"

"नाही, आजी."

"मग मालती, तू लिही."

मालतीबाईने पेन काढलं. कडेची जागा अरुंद होती. तिने बारीक अक्षरात, मराठीत दोनच शब्द लिहिले: वाटून घेतलं. मग अहवाल चंचलच्या हातात दिला. तो हातोहात गल्लीच्या टोकाकडे निघाला, तशी मालतीबाई उठून उभी राहिली.

"सांभाळून," ती म्हणाली. "शाई ओली आहे."