चोरी राहू द्या

पोह्याच्या पापडांची चळत पिशवीत सरकवता सरकवता अनिताच्या मांडीवरचा मोबाईल थरथरला. तिने हात पदराला पुसले आणि मालकीणबाईंचं लक्ष नाही असं बघून हळूच स्क्रीन वर केली.

'तुमच्या शेतात चोरी झाली आहे.'

अनिता गालातल्या गालात हसली.

"काय गो, लॉटरी लागली काय?" समोर बसलेल्या धोंडुबाईने विचारलं.

"चोरी झाली."

"आणि हसतंस?"

"मग काय रडू?" असं म्हणून अनिताने दुसरी पिशवी ओढली. धोंडुबाईने कपाळावर हात मारला. पेणच्या त्या पापडांच्या कारखान्यात बारा-पंधरा बायका होत्या, आणि अनिता त्यांतली अगदी सरळ बाई म्हणून ओळखली जाई. सरळ माणसं कधी काय करतील ते सांगता येत नाही, एवढंच धोंडुबाईचं त्यावर म्हणणं.

हे शेत मोबाईलमधलं. खेळाचं नाव 'मोकळं रान'. वडखळला मोबाईलच्या दुकानात काम करणाऱ्या अक्षयने, म्हणजे तिच्या मुलाने, आपला जुना फोन आईला दिला तेव्हा हा खेळ त्यात तसाच राहून गेला होता. त्यात हार नाही, जीत नाही. एक मोकळी जमीन मिळते; शेत करा, घर बांधा, तळं खणा, नाहीतर नुसते भटका. दुसऱ्याच्या कुंपणावरून उडी मारून त्याचं पीक तोडून न्यायचीही मुभा. अनिताने घेवडा लावला. पोरं तोफा आणि किल्ले बांधत होती, ही घेवड्याला मांडव घालत होती.

तिच्या शेतात रोज चोरी करणारी बाई म्हणजे तिची धाकटी जाऊ, रंभा. ती रोह्याजवळ वरशाला राहते. सहा वर्षं झाली, दोघींनी एकमेकींशी शब्द बोललेला नाही.

भांडण बायकांचं नव्हतंच. अनिताचा नवरा महिपती आणि रंभाचा नवरा पुंडलिक हे सख्खे भाऊ. गावची भाताची जमीन वाटून झाली, आणि मधला बांध कोणी कोरला यावरून दोघांची जुंपली. हा म्हणे तू कोरलास, तो म्हणे तू. खरं सांगायचं तर दोघांनीही आपापल्या बाजूने थोडा थोडा कोरला होता आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. शेवटी दोघे गावदेवीच्या देवळात गेले आणि नारळावर हात ठेवून बोलले, "आजपासून बोलणं नाय, देणं नाय, घेणं नाय." बायकांनाही हात ठेवायला लावला. एकाच चुलीपुढे अकरा वर्षं भाकऱ्या थापलेल्या त्या दोघींनी मान खाली घालून हात ठेवला. मग एक घर पेणला आलं, एक वरशाला गेलं. महिपती डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे फिटर झाला आणि भावाचं नाव घरातून पुसून टाकल्यासारखं झालं.

मोकळ्या रानात शेजारची जमीन कोणाच्या वाट्याला येईल ते आपल्या हातात नसतं. जवळपासच्या गावचे खेळाडू शेजारी येतात एवढंच. एके दिवशी अनिताने शेजारचं शेत पाहिलं आणि तिचा हात थांबला. घेवड्याचे वाफे, बांधावर वेडीवाकडी झेंडूची रांग, आणि शेवटची एक ओळ बियाण्यासाठी न तोडता ठेवलेली. तशी ओळ ठेवायला त्या दोघींना सासूनेच शिकवलं होतं. झेंडू मात्र रंभाचा. सासू ओरडायची, "शेतात फुलं कशाला गो, देऊळ हाय काय?" तरी रंभा लावायचीच.

खेळाडूचं नावही 'झेंडू'च होतं. शंका घ्यायला जागाच नव्हती.

लिहून बोलायची सोय खेळात होती, पण नारळावरचा शब्द आड येत होता. अनिताने पुष्कळ विचार केला. मग एका दुपारी ती कुंपणावरून उडी मारून रंभाच्या वाफ्यातली टोपलीभर शेंग तोडून घेऊन आली. चोरी म्हणजे काही बोलणं नव्हे. ते देणंही नव्हे, कारण मालकाने दिलेलंच नसतं. आणि घेणंही नव्हे, कारण घ्यायला आधी कोणीतरी द्यावं लागतं. गावदेवीला हा हिशेब पटला की नाही ते तिचं तिला माहीत. पण दुसऱ्या दिवशी अनिताच्या शेतातली टोपलीभर शेंग गेली होती.

तेव्हापासून रोज दुपारी चोरी. चोरी झाली म्हणजे रंभा जेवून-खाऊन, भांडी आवरून टेकली आहे. मागच्या पावसाळ्यात दोन आठवडे चोरी झाली नाही, तर अनिताच्या घशाखाली घास उतरेना. गावच्या एका लग्नात कोणाच्या तरी तोंडून कळलं, रंभाचं पोटाचं ऑपरेशन झालं. मग एका संध्याकाळी चारच शेंगा चोरीला गेल्या. चारच, पण अनिताने त्या दिवशी घरात शिरा केला.

"कसला शिरा?" महिपतीने विचारलं.

"असाच."

महिपती माणूस वाईट नाही, पण आपल्या वस्तूला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपत नाही. जिन्यात रंगाच्या डब्यात त्याने मिरचीचं रोप लावलं होतं. बिल्डिंगमधल्या पोरांनी त्याच्या दोन मिरच्या तोडल्या. त्याच दिवशी त्याने डबा जाळीच्या दाराच्या आत घेतला आणि वर गजाला तारेने आवळून टाकला. त्या रोपाला तुरुंगात टाकल्याचं अनिता बोलली, तर दोन दिवस तो घुश्शात होता.

आणि मग खेळाच्या कंपनीने जाहीर केलं की मोकळ्या रानाचा समतोल बिघडला आहे. चोऱ्या फार झाल्या आहेत. नव्या अपडेटमध्ये प्रत्येक शेताला कुलूप येईल; मालकाशिवाय कोणाला पान तोडता येणार नाही, आणि जो तीनदा प्रयत्न करील त्याला रानाबाहेर काढण्यात येईल. खेळाडूंनी आपलं मत लिहावं.

मतांचा नुसता पाऊस पडला. अनिताने चष्मा लावून सगळी वाचली. वडखळच्या आदर्शने लिहिलं होतं, 'लय भारी. दोन महिने ऊस वाढवला, टोळीनी एका रात्रीत साफ केला. चोरांना हाकलाच.' त्यात खोटं काही नव्हतं. अशा टोळ्या होत्याच. रोह्याच्या ऋतुजाचं म्हणणं वेगळं होतं. 'कुलूप आलं तर कुत्रा, राखणदार, काटेरी कुंपण, हे सगळं कशाला बांधलं आम्ही? चोरी बंद करू नका, कमी करा. एका वेळी एकच टोपली नेता येऊ दे.' पेणच्या कोणा निमिषने तर परीक्षेचा पेपर लिहावा तसं लिहिलं होतं: नव्या खेळाडूला चोरीशिवाय बियाणंच परवडत नाही, आधी बियाणं स्वस्त करा, मग कुलपाचं बघा. त्यावर लगेच कोणीतरी, 'ज्यांना शेती जमत नाय तेच चोरीची बाजू घेतात.'

पण एकूण रागरंग कुलपाकडेच होता. अनिता रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. आपण लिहिलं आणि रंभाने वाचलं तर ते बोलणं होईल का? सकाळी डबा भरता भरता तिचं तिलाच उत्तर मिळालं. मत कंपनीला द्यायचंय, जावेला नव्हे.

तिने एका बोटाने लिहिलं, 'चोरी राहू द्या. माझ्या शेतात रोज चोरी होते. मला चालते. सगळेच चोर वाईट नसतात.'

पोरांनी तिला डोक्यावरच घेतलं. 'काकी, शेताचा पत्ता द्या, आम्हीपण येतो!' 'काकीच टोळीची म्होरकी दिसते!' अक्षयने संध्याकाळी घरी येऊन विचारलं, "आये, ते तू लिवलंस? दुकानात सगळे हसतायत."

"हसू दे."

"अगो पण चोरी पायजे कशाला तुला? कुलूप आल्यावर तुझीच शेंग वाचंल ना."

"मला वाचवायची नाय," अनिता म्हणाली आणि आमटीत पळी फिरवत बसली.

जेवणं झाल्यावर तिने पुन्हा फोन उघडला. हसणाऱ्यांच्या रांगेच्या अगदी खाली एक ओळ आली होती. लिहिणाऱ्याचं नाव झेंडू.

'माझंबी तेच मत. चोरी राहू द्या.'

सहा वर्षांत रंभाचे तिने पाहिलेले हे पहिले शब्द. ते कंपनीला उद्देशून होते. अनिताने ते इतक्यांदा वाचले की फोनची बॅटरी उतरली.

दोन मतांनी काय होतं? अपडेट आलंच. दुपारी मोबाईल थरथरला तेव्हा त्यावर लिहिलं होतं, 'आनंदाची बातमी! तुमचं शेत आता पूर्ण सुरक्षित आहे.' अनिताने शेत उघडलं. कुंपणाबाहेर रंभाचं खेळातलं हिरव्या लुगड्यातलं चित्र उभं होतं. त्याने एकदा उडी मारली, कुंपणाला आपटून मागे पडलं. पुन्हा मारली. मग तिसरी न मारता तसंच उभं राहिलं, आणि थोड्या वेळाने निघून गेलं.

खेळात 'भेट पाठवा' असं एक बटण होतं. अनिताचं बोट त्याच्यापर्यंत दोनदा जाऊन आलं. भेट म्हणजे सरळसरळ देणं. देवीपुढे ठेवलेला तो हात तिला अजून आठवत होता, खाली नारळाची खरखर आणि शेजारी रंभाचा हात. तिने फोन बंद केला. घेवडा शेतात जून होऊन वाळला, तोडायचं तिला सुचलंच नाही.

असे आठ-दहा दिवस गेले. धोंडुबाईसुद्धा म्हणाली, "आताशा चोरी होत नाय वाटतं?"

"नाय गो. बंदोबस्त झाला," अनिता म्हणाली आणि तिने पुढची पिशवी ओढली.

त्याच आठवड्यात रोह्याच्या एका दुकानात पापडांचं पार्सल पोचवायचं निघालं. एरवी अनिता एस.टी.चा प्रवास टाळायची, पित्त होतं. या वेळी तिनेच हात वर केला. पार्सल देऊन झाल्यावर तिने स्टँडवर परत न जाता वरशाची रिक्षा धरली.

घर तिने कधी पाहिलेलं नव्हतं. पण शोधावं लागलं नाही. नव्या बिल्डिंगांच्या मध्ये एक बैठं घर, कुंपणाच्या कडेने वेडावाकडा झेंडू, आणि भिंतीवर चढवलेला घेवडा. तांबड्या कडेची शेंग. सासूचंच बियाणं ते, गावच्या परसातलं. अनिताकडचं पेणला येताना राहून गेलं होतं.

ती भिंतीशी उभी राहिली. मग तिने पिशवी उघडली आणि शेंगा तोडायला सुरुवात केली.

मागच्या दारी भांडं वाजलं. रंभा बाहेर आली होती. केस पांढरे झालेले, अंगाने निम्मी राहिलेली. दोघींची नजर एक झाली. रंभाने तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती पायाशी घोटाळणाऱ्या मांजरीकडे वळली.

"मने, बघ गो, चोर आलंय दारात. आणि कसलं गो हे चोर? खालच्या सगळ्या जून झाल्यात, त्याच तोडतंय. कवळ्या वर हायत, तेवढंपन कळत नाय."

मनी आपली पाय चाटत होती.

अनिताने टाचा उंच केल्या. हात पोचेना. रंभा आत गेली. आता दार लावील असं अनिताला वाटलं. पण रंभा लाकडी स्टूल घेऊन बाहेर आली, ते तिने भिंतीला टेकून ठेवलं, हलत नाही ना ते दाबून बघितलं, आणि मागे न बघता पुन्हा आत गेली. दार उघडंच होतं. आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला, नको तितका मोठा.

अनिता स्टुलावर चढली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात रिकामा नव्हता, ते तसंच वाहू दिलं. पिशवी भरेपर्यंत तिने कवळ्या शेंगा तोडल्या. उतरताना बियाण्यासाठी एक वेल तसाच ठेवला.

रात्री तिने महिपतीच्या ताटात घेवड्याची भाजी वाढली. पहिला घास घेतल्यावर त्याचं चावणं थांबलं. त्याने भाजीतली एक तांबड्या कडेची शेंग बोटांनी बाजूला काढून बघितली.

"घेवडा कुठला?"

"चोरलाय."

त्याने ती शेंग परत भाजीत ठेवली. मग ताटाकडे बघतच म्हणाला, "कोणी बघितलं काय?"

"बघितलं."

"मग?"

"स्टूल आणून ठेवलं."

महिपतीने आणखी भाजी मागितली नाही, पण ताटातली सगळी संपवली. हात धुवून तो झोपायला गेला. अनिता जागीच होती. तोही जागाच होता, हे तिला त्याच्या श्वासावरून कळत होतं.

सकाळी त्याची पहिली शिफ्ट. अनिता उठली तेव्हा तो गेलेला होता. दूध घ्यायला तिने जाळीचं दार उघडलं, आणि पाय अडखळला. मिरचीचा डबा बाहेर जिन्यात होता. रोपाला पाणी घातलेलं, आणि पिकलेल्या मिरच्यांची फांदी जिन्याकडे वळवून ठेवलेली. आत, गजाजवळच्या खिळ्याला, ती तार नीट गुंडाळून अडकवलेली होती.