मला पुसा

रोहू, कतला. दुपारपर्यंत.
पाणकोंबडी डुबून वर येते, निवडून गेलेला येत नाही.
शिंगाडे उकडलेले मिळतील.
एक चप्पल सापडली आहे. डावी.

मित्रांनो, हे सगळे माझ्या अंगावर लिहिले गेले आणि पुसले गेले. मी एक जुना फळा आहे. आंधळगावच्या सुताराने मला शाळेसाठी घडवले. तडा गेला तेव्हा शाळेने टाकले; मच्छीमार संस्थेने तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या खांबाला टांगले.

तिथे मनिराम भेटला. सकाळी जाळे काढून झाले की तो माझ्यावर दोन ओळी लिहायचा. ओळी बेडकाच्या, बदकाच्या. वाचणारे मात्र हसून ग्रामपंचायतीकडे पाहायचे, आणि सभेला जायचे. दुसऱ्या दिवशी त्याची बायको जिजा ओल्या फडक्याने मला पुसायची. मला ते आवडायचे. जागा झाली की नवी ओळ यायची.

मग सरपंचांनी तलावाचा उथळ काठ बुजवून सभामंडप बांधायची गोष्ट काढली. गावठी मासोळ्या तिथेच अंडी घालतात. मनिरामने लिहिले:

बगळा म्हणे मासोळीले, पाणी तुह्या नावानं करतो,
ठसा दे माह्या चोचीत येऊन, बाकी कागद मीच भरतो.

लोक इतके खूश, की जिजाला पुसू देईनात. "राहू दे ना वहिनी." तीन दिवस कविता तशीच राहिली. चौथ्या दिवशी सरपंच लक्ष्मणराव एका रंगाऱ्याला घेऊन आले. "पाखराची कविता हाय, कायमची राहू द्या." ऑइलपेंटने ओळी रंगल्या, शेजारी हा एवढा बगळा. टाळ्या झाल्या.

"येड्याले समजलंच नाही," जिजा म्हणाली.

"समजलं म्हनून तं रंगवलं. आता मंडपाच्या ठरावाची शनिवारची ग्रामसभा, तिचं कायवर लिहू, तुह्या पाठीवर?"

"लिही. त्या दिवशी पदर नाही घेत मी."

मनिरामने खडू टेकवून पाहिला. घसरला. पुन्हा. घसरला. आठवडाभरात माझ्यासमोर कोणी थांबेना. तेच ते रोज कोण वाचणार? सभा कधी आहे हेही कोणी विचारेना.

आज शुक्रवार. जिजाने मासोळीचे खवले काढायची सुरी आणली आहे. बगळ्याचा एक पाय निघाला. दुखते आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू सगळ्या म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, मला खरवडा. लाकूड सोलले तरी चालेल. एका ओळीपुरती जागा करा, उद्या सकाळच्या आत.

बगळ्याची कविता सगळ्यांत आधी लक्ष्मणरावांनी वाचली होती, आणि एकटेच उभे राहून हसले होते.