चाचणीच्या घरात खरी किल्ली

"कुठल्या गाढवाने पाठवला गं तो निरोप?" फोनवर बाबा ओरडत होते. "सकाळी सहाला! 'आजची शस्त्रक्रिया रद्द.' म्हटलं, मग उपाशी कशाला बसू? पोटभर खाल्लं. इथे येऊन विचारलं, तर खिडकीतली बाई म्हणते, आजोबा, रद्द कुठे झालीय? खाल्लंत कशाला? जा आता रांगेच्या शेवटी. चार महिने थांबलो होतो मी!"

लेकीने हूं की चूं केलं नाही. त्या निरोपाचा मायबाप कोण, हे तिला फोन येण्याआधीच कळलं होतं.

ऑफिसात तिला सगळे किल्लीदारीण म्हणत. रुग्णांना निरोप पाठवणाऱ्या त्यांच्या सॉफ्टवेअरची दोन घरं होती, एक चाचणीचं आणि एक खरं. दोन्हीकडे काम तेच, फक्त गुप्त किल्ल्या वेगळ्या. पाइपलाइन नावाची यंत्रणा नवं सॉफ्टवेअर आपोआप त्या त्या घरी पोचवी आणि त्याच घराच्या तिजोरीतली किल्ली त्याला लावी. चाचणीच्या किल्लीने पाठवलेला निरोप हवेत विरे, खऱ्या किल्लीने पाठवलेला माणसाच्या फोनवर जाई. आणि चाचणीच्या घरात खऱ्या रुग्णांची यादी तशीच्या तशी उतरवून ठेवलेली होती.

परवा चाचणीच्या किल्लीची मुदत संपली. काल गिऱ्हाइकासमोर प्रात्यक्षिक होतं. साहेब खुर्चीमागे येऊन म्हणाले होते, "दोन दिवस चाचणीच्या घरात खरीच टाक गं. कोण बघतंय?" तिने नाक मुरडलं होतं. आणि टाकली होती. आज पहाटेची चाचणी नेहमीसारखी आपोआप सुरू झाली आणि तिचे नमुन्याचे निरोप खऱ्या रुग्णांच्या फोनवर गेले.

ती तणतणत साहेबांच्या खोलीत गेली. रुग्णालयाला पाठवायचा अहवाल तयारच होता: 'नेटवर्कमधील बिघाडामुळे काही निरोप चुकून गेले असावेत.'

"असावेत?" ती म्हणाली.

"अगं, तुझ्याचसाठी लिहिलंय. नोंदीत नाव तुझं आहे, माझं नाही."

"तुम्ही सांगितलंत म्हणून टाकली मी."

"सांगितल्याची नोंद दाखव." साहेब हसले.

त्या हसण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, नेटवर्कचं नाव घेतलं की रुग्णालय हात झटकतं. जेवून आले ती त्यांची चूक ठरते. चूक आपली, असं लेखी दिलं तरच त्यांची पाळी राखतात. करारातलं ते कलम तुम्हीच वाचून दाखवलं होतंत."

"किती जण आहेत असे?"

"एकतीस."

"एकतीस जणांसाठी कंपनी बुडवू?"

"त्यात माझा बाप आहे."

साहेब खुर्ची फिरवत म्हणाले, "मग तर तू यात पडूच नकोस. घरच्या माणसासाठी केलं म्हणतील."

म्हणू देत. ती जागेवर आली. आधी खरी किल्ली रद्द करून नवी बनवली, ती खऱ्याच तिजोरीत ठेवली. दोघांच्या लेखी संमतीशिवाय तिजोरी उघडणार नाही, असा नियम घातला. आपल्या एकटीच्या संमतीनेही ती उघडत नाही, हे तिने मुद्दाम तपासून पाहिलं. मग कीबोर्ड बडवत अहवाल लिहिला: 'किल्ली मी टाकली. साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. मी नाही म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. चूक आमची आहे, रुग्णांची नाही.' खाली एकतीस नावं. कुणाला न विचारता तिने तो थेट रुग्णालयाला पाठवला.

जेवणाच्या सुट्टीनंतर दारावर तिचं कार्ड चालेना. लाल दिवा नुसता लुकलुकत राहिला. ती जिन्यातच होती, तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"सोमवारी पहिला नंबर दिला गं! त्या गाढवाला अक्कल आली म्हणायची."

"बाबा, ते गाढव मीच."

"तरीच," बाबा म्हणाले. "सकाळी एवढ्या शिव्या घातल्या, एकदाही उलट बोलली नाहीस." मग म्हणाले, "सोमवारी सोबत येशील? सुट्टी मिळेल?"

"मिळाली," तिने दातओठ खात सांगितलं.