दोन चौकोनांत न मावलेली आई

वाचकहो, नको त्या प्रश्नाची टोलवाटोलवी करण्यात आपल्या लोकप्रतिनिधींचा हात कोण धरणार? दत्तक गेलेल्या मुलांना जन्मदात्या आईचं नाव कळावं की नाही, हा प्रश्न त्यांनी नऊ वर्षं भिजत ठेवला आणि शेवटी हात झटकले. "पन्नास हजार सह्या आणा, जनतेचंच मत घेऊ!"

म्हणून दफ्तरखान्यातली कारकून बाई सह्या गोळा करत हिंडत होती. ती स्वतः दत्तक गेलेली. तिची मोहोरबंद फाइल कचेरीतल्या तिच्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात होती आणि किल्लीही तिच्याचकडे. पण कायदा म्हणजे कायदा! वाढवणाऱ्या आईवडिलांनी काही कमी केलं नव्हतं. तरी आरशात स्वतःचं नाक दिसलं की वाटायचं, हे कुणाचं? त्या एका नावासाठी तिचा जीव तुटायचा.

मतदानाचा प्रश्न तिनेच लिहिला होता : 'सगळ्या फाइली उघडाव्यात का?' खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

शेजारच्या शिवणवाल्या काकूंनी कागद वाचला आणि मशीन थांबवलं. सून आत गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "यात माझा चौकोन कुठंय गं?"

"म्हणजे?"

"लग्नाआधी एक लेकरू देऊन आलेय मी. घरात कुणाला ठाऊक नाही."

 नकळत बाई काकूंचं नाक निरखू लागली. "मुलगी होती?"

"मुलगा." काकूंनी चिंधीने डोळे टिपले. "त्याला एकदा बघावं म्हणून जीव आसुसलाय. पण आधी मला कुणी विचारायला नको? 'हो' म्हटलं तर माझ्यासारख्या कितीजणींचे संसार उघड्यावर येतील, 'नाही' म्हटलं तर लेकरू कायमचं तुटलं."

"पण काकू, लोकशाहीत लोकांनीच ठरवायचं ना?"

"पूल कुठं बांधायचा ते विचारा की सगळ्यांना! इथं ज्यांना झळ नाही, ते चहा पिता पिता शिक्का मारणार. माझी बाजू मी काय चौकात उभी राहून सांगू? निवडून दिलेल्यांनी बंद दाराआड माझं ऐकावं, तुझं ऐकावं, डोकं लावून वाट काढावी. ते अंगाशी यायला लागलं की आपल्या गळ्यात घालतात, आणि आपण मान मिळाला म्हणून खूश!"

बाईने सह्यांचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला. आईसाठी इतकी झुरली, पण आईला काय हवंय हे तिने एकदाही मनात आणलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी ती प्रतिनिधींसमोर उभी राहिली. "मतदान नको. प्रत्येक आईला आधी गुपचूप विचारता येईल असा कायदा तुम्हीच करा."

"अहो, मतदान चार महिन्यांत झालं असतं. याला वर्षं लागतील."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

नागरिकहो, मताचा हक्क लाखमोलाचा आहे. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. अशा प्रश्नावर शिक्का मारण्याआधी त्याचं ऐकलं जाऊ द्या, आणि निवडून दिलेल्यांना त्यांच्या कामातून पळू देऊ नका.

बाई आता दर आठवड्याला प्रतिनिधींच्या दारात बसते. उद्या आई 'नको' म्हणाली तर? तेही सोसायची तिची तयारी आहे. निदान ते 'नको' तरी आईच्या तोंडचं असेल!